ओळंबा

खिडकीबाहेरचा सोनमोहर कधी कलला,
सेक्टर तीनमध्ये कुणालाच सांगता येईना.
मी म्हणायची, तो असाच होता.
हे म्हणायचे, तुझीच मान तिरकी.

शेवटी बाळाराम मढवींना बोलावलं, ऐरोली गावातले जुने गवंडी.
फांदीच्या बेचक्यातून त्यांनी ओळंबा सोडला.
बुंध्यापासून दीड हात.
दहा दिवसांनी पुन्हा:
दीड हात, चार बोटं.

चार बोटं.
त्या रात्री इरावतीचा पलंग आतल्या खोलीत सरकवला.

रस्त्याच्या बाजूला माती टम्म फुगलेली,
पेव्हर ब्लॉक उचकटलेले.
तिथली मुळं गेल्या वर्षी पाइपासाठी तोडली,
आणि तोडणाऱ्यांना
चहा मीच नेऊन दिला होता.

पालिकेत अर्ज. मग फोटो. मग पुन्हा अर्ज.
उद्यान खात्याच्या माणसाने लाकडी हातोडी मारली:
वरती भरीव,
खाली रिकाम्या रांजणासारखा आवाज.
"कुणी स्वतः चढू नका," म्हणाला, "आणि खाली गाडी नको."

गुरुवारी वीज बंद केली, तळमजला रिकामा केला.
लहानू दोर घेऊन चढला.
शेंड्यापासून, एकेक फांदी,
विहिरीत घागर सोडावी तशी
हळू
खाली.

आता दुपारचं ऊन थेट शेगडीवर येतं.
मढवी ओळंबा इथेच विसरले.
काल सहज आमच्या भिंतीला लावून पाहिला.

अजून कुणाला सांगितलं नाही.