उलटं पान

मी फक्त ह्यांचे चार शर्ट आणायला गेले होते,
भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर,
जिन्याखालच्या रामसकलच्या टपरीत.
तो इस्त्रीच्या मेजावरच्या चादरी बदलत होता.
एक निघाली, खाली दुसरी, तिच्याखाली कांबळं,
कांबळ्याखाली त्याच्या बापाच्या वेळचं कापड,
आणि त्यावर, जळक्या त्रिकोणांच्या मधे मधे,
जांभळी फुलं. प्रत्येकाला तीन पानं.
तिसरं पान उलटं.

ते पान मी काढलं होतं.
एक्क्याऐंशी साली, काळाचौकीच्या गिरणीत,
डिझाइन खात्यात, खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर,
ग्राफच्या कागदावर, झिरो नंबरच्या ब्रशने.
पेडणेकर मास्तर म्हणाले, चारुशीला, हे पान चुकलंय.
मी म्हटलं, वारा आहे, सर.
ते हसले नाहीत.
पण सही केली.

मग संप. मग लग्न.

मास्तर शिकवायचे,
नक्षी कुठे संपते आणि कुठे पुन्हा सुरू होते
हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये.
सांधा दिसला की कापड फुकट.
तेवढं मात्र मी नेमाने पाळलं.
डबा, दूध, शाळेची रिक्षा, सासूबाईंचं इन्सुलिन,
डबा, दूध, क्लासची फी, सासूबाईंचं इन्सुलिन,
डबा, दूध.
सांधा कुणाला दिसला नाही.

माझ्या साठीला लेकाने माइक हातात घेऊन सांगितलं,
आईने आमच्यासाठी किती सोडलं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.
खरं तर कधी सोडलं ते मला आठवत नाही.
नेलकटर हरवतो तसं हरवलं.
शोधत बसायला वेळ नव्हता,
आणि घरात प्रत्येकाला नेलकटरच हवा असायचा.

ले जाओ माँजी, रामसकल म्हणाला, वैसे भी जला है.
मी कापड घडी करून घरी आणलं.
ह्यांनी विचारलं, शर्ट?

मुलुंडच्या दुकानात पोरगा म्हणाला,
नातवासाठी का, आजी?
मी म्हटलं, हो.
दुसऱ्या वेळी पुन्हा विचारलं त्याने.
नातवाला झिरो नंबर काय करायचाय, मी म्हटलं,
मला हवाय. आणि जांभळा दे, हा नाही, वांग्याचा.

पहिली रेघ थरथरली. दुसरीही.
सातव्या की आठव्या चौकोनावर डोळ्यांत पाणी आलं.
चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही.

जेवायचं टेबल आधी दोन फूट माझं झालं.
मग चार.
हे ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसतात, बोलत नाहीत.
परवा ब्रश धुतलेलं पाणी
कोकम सरबत समजून ह्यांनी घोटभर घेतलं,
थोडा विचार केला,
आणि म्हणाले, मीठ कमी आहे.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
मी खुर्ची धरून हसले.

आता एक नवी नक्षी चालू आहे.
समोरच्या टॉवरची कबुतरांची जाळी,
जाळीत अडकलेलं एक पीस,
आमच्या टाकीचा गळका पाइप,
त्याच्याखाली उगवलेलं, नाव ठाऊक नसलेलं रोप.
उजव्या काठाला, जिथे सगळं पुन्हा सुरू होतं,
तिथे सांधा दिसतो.
दोनदा पुसला, मग राहू दिला.

आणि रामसकलला बदल्यात
आमची एक जुनी चादर दिली, बाजारातली, फुलांची.
देण्याआधी गॅलरीत उजेडाला धरली,
एकेक फूल बोटाने तपासलं, खालपर्यंत.
कोण असेल ती, कुठल्या टेबलावर बसत असेल.
एकही पान उलटं नव्हतं.
बिचारी.