सातवा तास

ग्युमरीत पारा उणे बावीसवर गेला
की माझ्याकडची मुलं
ऋण संख्या आपोआप शिकतात.
खिडकीबाहेर बोट दाखवलं की पुरे.
एकटा ह्रायर तेवढा
चिन्ह लिहायला विसरतो.

शाळा म्हणजे मीच.
मुख्याध्यापिका मी, शिपाई मी,
चुलीत गोवऱ्या सारणारी मी,
फी मागताना घसा खाकरणारी पण मीच.
स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर मेणकापड,
मेणकापडावर छापील डाळिंबं,
आणि डाळिंबांवर कोपर टेकून
त्रिकोणाशी झगडणारं कुणाचं तरी पोर.
तासाचे तीन हजार द्राम.
मी आजारी पडले की शाळेला सुट्टी;
सुट्टीचा पगार
मी मला देत नाही.

डिसेंबर लागला
की वहीच्या मागच्या पानावरून
दुसरा हिशोब सुरू होतो.
दर सातवा तास लाकडांचा.
सातवाच का, विचारू नका.
सहावा परवडत नव्हता,
आठव्याची लाज वाटली.
पैसे जातात पेर्चुहीकडे.
तिच्याकडे भावाचा ट्रक आहे, आणि यादी:
भूकंपानंतर 'दोनच वर्षं' म्हणून दिलेल्या
पत्र्याच्या डब्यांची,
ज्यांत आता नातवंडांना मिसरूड फुटलंय.
यादी मी कधी वाचली नाही.
कुणाला दिलं हे कळलं
की रस्त्यात बघण्याची तऱ्हा बदलते.
त्याची नव्हे, माझी.

यंदा पेर्चुहीचा भाऊ कंबर धरून बसला.
ती म्हणाली, वार्सेनिक, चार घरं तू कर.
शेजारच्या मुलीची घसरगाडी मागून घेतली,
दोरी कमरेला बांधली.
तीन घरं झाली.
चौथ्याचं दार निळं, कडांना पोतं ठोकलेलं.
दार उघडलं ह्रायरनं.
अंगात कोट, टोपी कानांपर्यंत,
हातात मीच दिलेला गृहपाठ,
अर्ध्यावर.

तो माझ्याकडे बघत राहिला,
मी लाकडांकडे.
या घराची फी कधी चुकली नव्हती.
पहिल्या सोमवारी, पाकिटात,
इस्त्री केल्यासारख्या नोटा.
म्हणजे मी एका हातानं घेत होते
आणि सहा तास उलटले की दुसऱ्या हातानं
त्याचंच ओलसर लाकूड करून परत धाडत होते,
वर दानाची ऊब
फुकटात माझी मला.

त्याची आई झारुही आतून आली.
मी काहीतरी पुटपुटले,
या हिवाळ्यात फीचं राहू दे, असलं काहीसं.
तिनं डोक्याचा रुमाल घट्ट केला.
"लाकडं पाठवणारी बाई कोण, मला ठाऊक नाही.
भेटली तर माझा आशीर्वाद सांगा.
शिकवणाऱ्या बाईला मी ओळखते,
तिची फी मी देते.
दोघींची गाठ घालून देऊ नका."
मग चार सुके जर्दाळू हातावर ठेवले,
आणि बसायला
घरातली उशी असलेली एकच खुर्ची.

परतताना गाडी रिकामी,
म्हणून सारखी घोट्यांवर येत होती.

रात्री वही उघडली.
पेनातली शाई थिजलेली,
तोंडाच्या वाफेवर धरावी लागली.
झारुहीचे बारा हजार
जमेला लिहिले.
मागच्या पानावर काय लिहावं ते सुचेना.
पान कोरं ठेवून दिवा घालवला.

सोमवारी ह्रायर आला.
पाकीट डाळिंबांच्या मधोमध.
एरवी मोजत नाही,
आज त्याच्यासमोर नोटा मोजल्या, पावती फाडली.
त्याच्या कोटाला
ओलं लाकूड जळल्याचा वास होता.
दोघांनीही तो घेतला नाही.
सतरावं उदाहरण काढलं.
त्याचं उत्तर आलं: पाच.
मी म्हटलं, बाहेर बघ.
तो बाहेर बघत राहिला,
लागतो त्याहून जरा जास्त वेळ,
मग पाचाच्या आधी
एक लहानशी आडवी रेघ ओढली,
चुलीत काटकी ठेवावी
तशी.