एक भोक जास्त

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, कुडक्याल बंधूंची शेड.
अकरा मागांवर नवा मोर उतरायलाय,
बारावा अजून जुनीच चौकडी विणतोय.
भाग्यलक्ष्मी ऑफिसातून नक्षीची फाइल पाठवते,
पाठवते, पुन्हा पाठवते.
"मॅडम, वायर तर हिरवी लुकलुकायली की."

मी खाली बसते, सुताच्या धुळीत,
मांडीवर लॅपटॉप.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक:
इथपर्यंत सगळ्यांचं सारखं, आडनावासारखं.
शेवटचा आकडा ज्याचा त्याचा.
ऑफिस वीस, प्रिंटर तीस,
राऊटर एक, उंबऱ्यावर बसलेला,
बाहेर जायचं तर त्याच्याच हातून.
बारावा माग एकशे चाळीस.

मी हाक मारते, एकशे चाळीस कोण?
हाक सगळ्यांच्या कानावर जाते,
बाकीचे गप्प.
माझ्या यादीत त्याचं बारा अक्षरी नाव उमटतं,
बनवणाऱ्यानं जन्मतःच कोरून दिलेलं.
म्हणजे आहे. जागा आहे. ऐकतोय.
पण पुढं काही विचारलं की
चार वेळा तीच ओळ: उत्तर आलं नाही.

इस्तारीमामा मागं येऊन उभे.
चाळीस वर्षं त्यांनी जकार्डच्या पत्त्या पाडल्या:
पुठ्ठ्याला भोक असेल तर दोरा वर,
नसेल तर खाली.
आता पत्त्या गेल्या, मामा कोन मोजतात.
"एमैंदी?" म्हणतात. काय झालं?
"मास्क बघते."
"तोंडाचा?"

चहाच्या पावतीवर मी आठ गोल काढते.
दोनशे पंचावन्न म्हणजे आठही उघडे,
शून्य म्हणजे आठही बुजवलेले.
"असा पुठ्ठा पत्त्यावर ठेवायचा, मामा.
भोकातून दिसतं ते गाव,
झाकलं जातं ते घर.
गाव एकच असेल तर थेट बोलायचं,
नाहीतर राऊटरला सांगायचं."

मग मागाची सेटिंग उघडते.
दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न
आणि शून्याच्या जागी
एकशे अठ्ठावीस.
मामा आठ गोलांतला पहिला पेनानं उघडतात,
सात तसेच ठेवतात.
"एक भोक जास्त पडलंय."

तेवढ्यानं गाव दुभंगलं.
एकशे सत्तावीसपर्यंतचे पलीकडं,
एकशे अठ्ठावीसपासूनचे अलीकडं.
वीसची हाक पोचते,
पण या मागाला वाटतं, वीस परगावचा,
याला उत्तर राऊटरमार्फत द्यावं.
आणि राऊटर तर एक.
तोही पलीकडंच.
ओ तोंडातल्या तोंडात राहते.

ते भोक माझंच.
दसऱ्याला दोघे भाऊ बोलेनासे झाले,
शेडच्या मधोमध विटांची भिंत उठली,
"नेटवर्कची पण वाटणी करा," म्हणाले.
केली. खालचा अर्धा थोरल्याला, वरचा धाकट्याला,
दोघांना दोन राऊटर.
गड्ड्याच्या जत्रेत कुणी काय समजावलं कुणास ठाऊक,
भिंत पडली, दुसरा राऊटर कपाटात गेला,
आणि मी एकेका मागाचा मास्क बदलत निघाले.
अकरा झाले. लाइट गेली.
जेवायला म्हणून उठले ते उठलेच.

समेट झाल्याचं
बाराव्याला कुणी कळवलंच नाही.
पाठ असलेली चौकडी विणत राहिला बिचारा,
निम्म्या गावाला परकं समजून.

एकशे अठ्ठावीस खोडून शून्य लिहिते.
"खळ नाही लावायची?" मामा विचारतात.
चुकलेल्या भोकावर ते कागदाची टिकली डकवायचे,
वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरायचे.
त्यांचा अंगठा आत्ताही
पावतीवरच्या पहिल्या गोलावर आहे.

माग थांबतो. फाइल येते.
कापडावर मोराचा एक पाय,
मग दुसरा.

मी बिल लिहायला घेते.
"कुणाच्या नावानं?"
थोरले धाकट्यांकडं बघतात, धाकटे थोरल्यांकडं,
मग दोघंही
जिथं भिंत होती तिकडं.