चाल

सांवेर रोडच्या शेडमध्ये, दाबयंत्राखाली
आज माझा खांब उभा केला.
बत्तीस. चौतीस.
बारगळ सुई मोठ्यानं वाचत होता,
भाजीचा भाव सांगावा तसा.
चाळीस टनांना खांबानं
झडपेतून बारीकशी शीळ घातली
आणि बोटभर खाली बसला.
मोडला नाही.

पाच वर्षं मी छत न बघताच छत धरत होते.
गॅलरीची रुंदी चार मीटर ऐंशी,
वरचा दीड मीटर खडक सुटाच समजायचा,
चौरस मीटरला साडेतीन टन,
त्याला सुरक्षा-गुणक दोन,
म्हणजे जेवढं ठाऊक आहे तेवढंच पुन्हा एकदा,
ठाऊक नाही त्याच्या नावानं.
संध्याकाळी संगणक मिटून
बंद गिरणीच्या भिंतीलगत परदेशीपुऱ्यात घरी.
वर बघायची सवय नव्हती.

मग परासियाला पाठवलं.
बाईच्या मापाचे बूट नव्हते खाणीत,
दोन-दोन मोजे चढवून उतरले.
पुढे मेहतू उईके, तीस वर्षं टिंबरवर.
एका हातानं सब्बल छतावर मारायचा,
दुसरा तळवा शेजारीच टेकलेला.
कान नव्हे, तळवा ऐकायचा.
ठण्ण आलं की पुढे.
भद्द आलं
की हात आडवा, आणि आम्ही सगळे जागच्या जागी.

छत कोसळलं असं तिथे म्हणत नाहीत.
चाल गिरी, म्हणतात.
चाल!
आमच्यात चाल लावतात पदाला,
आत्या नव्या सुनेची चाल न्याहाळते.
त्याच्या भावावर पडली तीही चालच.
आणि कोळसा काढून घेतल्यावर
मागे सोडून यायची जी पोकळी, तिचं नाव गोफ.
मी शाळेत गोफ विणला आहे,
रंगीत दोऱ्या, गोल फेर.
ते गोफाकडे पाठ करून भाकरीसुद्धा सोडत नाहीत.

विचारलं, सालाचा खांब बरा की लोखंडाचा?
"लकडी मरने से पहले रोती है, मॅडम.
आपका लोहा शरीफ आदमी है,
चुपचाप जाता है."

परतताना पेंचव्हॅलीचा वरचा बर्थ.
छत वीतभरावर.
इंदूर येईपर्यंत तळवा टेकवून पडले होते.
खाली एक मूल मधूनमधून रडत होतं,
आणि मला, खरं सांगायचं तर,
ते बरं वाटत होतं.

झडपेचं भोक दीड मिलिमीटरवर आणलं.
तेवढ्यातून तेल निसटताना वाजतं.
बक्षीसाहेबांनी नकाशावर लाल गोल केला:
ही शीळ कुठल्या कलमात बसते?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
आवाज आवश्यक.
त्यांनी आठवडाभर सही केली नाही,
मग केली.

आज शेडमधूनच मेहतूला फोन लावला.
बारगळनं यंत्र पुन्हा चाळिसावर नेलं,
मी फोन खांबाच्या गळ्याशी धरला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"और जोर से. वहाँ पंखा चलता है."

उद्या सव्वा मिलिमीटर.