सांडशी

रजिस्टरच्या पानावर सकाळपासून
मी एकच अक्षर लिहिते आहे.
आर. आर. आर.
बशीत सोळा औषधांच्या सोळा टिकल्या ठेवल्या होत्या,
एकीभोवतीही मोकळं रिंगण नाही.
जंतू टिकल्यांना खेटून वाढलेत,
हजिऱ्याच्या बाजारात हातगाड्यांना खेटून माणसं चालतात तसे.

नमुना हरविलासचा. गाडिया लोहार.
गोला का मंदिरच्या चौकात, रस्त्याकडेला ऐरण.
तापलेली पट्टी सांडशीतून निसटली, नडगीवर पडली.
याला तीन महिने झाले.
आता हाडात पू आहे
आणि सर्जन गुडघ्याच्या वर
पेनानं रेघ मारून गेलेत.

जंतूलाही लोखंड लागतं.
हे मी दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं.
शरीराला न शिकता ठाऊक असतं:
ताप चढला की रक्तातलं लोखंड उचलून
ते यकृतात दडवतं,
पेंढारी आल्याची हाळी ऐकून
बायका पाटल्या पिठाच्या मडक्यात दडवत तसं.
जंतूही काही कमी नाही. आपले खिसेकापू बाहेर सोडतो,
ते कण कण हिसकून आणतात.

आमच्या वस्तीचं नावच लष्कर.
वर किल्ला. लहानपणी गच्चीवरून बघताना
आजोबा सांगायचे, असला किल्ला
भिंत फोडून घेत नसतात.
खाली तळ टाकायचा. रसद तोडायची.
मुजुमदारबाईंचं नवं संयुग तेवढंच करतं.
मारत नाही कुणाला.
लोखंड धरतं, आणि सोडत नाही.

फूलवती रोज कंपूपर्यंत चालत डबा आणते.
लोखंडी कढईतला पालक, वर गुळाचा खडा.
डॉक्टर बोले, खून कम है.
मी म्हणणार होते, थोडे दिवस थांब,
पण तिनं झाकण काढलं, वाफ आली,
आणि तो तीन दिवसांनी उशीला टेकून बसला.
गप्प राहिले.
वाटीभर पालकानं कुणाचा वेढा उठत नाही.

त्यानंच मला विचारलं, तुमच्या दवाईला दात किती?
मला कळेना.
सांडशीला दोन असतात, म्हणाला.
ढिली असली तर लोहारालाच जाळते.
सहा, मी सांगितलं. सहा बाजूंनी धरते.
तो बराच वेळ आपला पंजा
उघडत मिटत राहिला, सहावं बोट शोधत असल्यासारखा.
"घडवली कोणी?"
बाईंनी, म्हटलं. मातीतल्या एका जिवाचं बघून.
त्यानं मान हलवली. हे त्याला पटण्यासारखं होतं.

काल रात्री त्याच्याच जंतूच्या बशीत
संयुगाचा थेंब टाकला.
सकाळी थेंबाभोवती रिंगण.
बोटाच्या पेराएवढं, स्वच्छ.
बशी म्हणजे माणूस नव्हे, बाई लगेच म्हणाल्या.
उंदीर बाकी आहेत. समिती बाकी आहे. वर्षं बाकी आहेत.
रजिस्टरमध्ये त्यासाठी रकानाही नाही.
मी समासात पेन्सिलीनं एक गोल काढला.

शुक्रवारी पाय गेला.

जंतू मात्र जपून ठेवलाय,
उणे ऐंशी अंशांत, कुपीवर हरविलासचं नाव.
ते कशाला ठेवता, फूलवतीनं विचारलं.
तिच्या हातात रिकामा डबा होता.
म्हटलं, सांडशी कशावर तरी
पारखून बघावी लागेल ना.