ताबा घेण्याआधी

पुनावळे, सी विंग, अकराशे तीन.
चपला बाहेर काढायच्या का, विचारतात सगळे.
मी म्हणते राहू द्या,
अजून घर झालेलं नाही.

बॅगेत लेझर, ओल मोजायचं यंत्र,
प्लगमध्ये खुपसायचा तीन दिव्यांचा टेस्टर,
एक निळी गोटी, भाच्याकडून ढापलेली,
आणि छत्रीच्या काडीसारखी काठी, टोकाला पोलादी मणी.
काठीनं फरशी वाजवत जायची, ओळीनं, घाई न करता.
टक्. टक्. टक्. भरीव.
टक्. टक्. टोक्.
तिथं थांबायचं. खाली सिमेंट पोचलेलंच नाही.
खडूनं फुली.
हॉलमध्ये अकरावी फुली पडली तेव्हा
साइट इंजिनिअर भोईटे म्हणाला,
मॅडम, चहा सांगू?

बाथरूममध्ये गोटी सोडली.
तिनं जाळीकडं जायला हवं होतं,
ती निघाली दाराकडं
आणि उंबऱ्याला नाक लावून थांबली.
म्हणजे पाणीही असंच येणार, रोज सकाळी, बेडरूमपर्यंत.
खिडकीच्या फटीत कागदाचा कपटा धरून
खिडकी बंद करायची, मग ओढायचा.
सहज निघाला.
पलीकडे हायवे, टँकरची रांग,
धुरकटात घोरावडेश्वराचा डोंगर.
लहान खोलीत अर्थिंग नाही.
"तिथं झोपणारं अजून कोणी नाहीये,"
मैथिली गव्हाणे हसत म्हणाली, मग नवऱ्याकडं बघून हसायची थांबली.
मी लिहिलं : लहान खोली, अर्थिंग नाही.

तिचे सासरे हॉलमध्ये पेपर अंथरून बसले होते,
भिंतीला पाठ टेकून.
छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात,
तपासणी विभागात.
म्हणजे आपण एकाच खात्यातले, असं म्हणून
त्यांनी माझ्याकडून काठी मागून घेतली,
बसल्या जागेवरून एक फरशी वाजवली,
मान हलवली. टोक्. बारावी.
"आम्ही हजारात दहा उघडायचो.
दहा नीट तर हजार नीट."
आणि उरलेले नऊशे नव्वद?
काकांनी फुल्यांकडं बघितलं.
"विश्वास," म्हणाले. "सगळे उघडले
तर पाठवणार काय?"

शेवटी कॅमेरा. हा उजेड बघत नाही, ऊब बघतो.
भिंतीत पाणी मुरत असेल तर ते निळं दिसतं.
बेडरूम कोरडी.
किचनमध्ये सिंकखाली गडद निळी जीभ; नोंदवली.
हॉल, पूर्वेची भिंत :
जमिनीपासून दोन फुटांवर मोठा केशरी डाग.
मी थबकले.
आतून वायर तापतेय? गरम पाण्याची नळी?
नकाशात तिथं काहीच नाही.
भोईटे पुढं आला, लगेच म्हणाला,
असं होत नाही मॅडम, आमच्याकडं असं होत नाही.
जवळ जाऊन हात लावला.
भिंत. नुसती भिंत.
पुन्हा पडद्यावर बघितलं
तर डागाला खांदे होते,
डावा जरा उतरलेला.

काका नुकतेच उठले होते, चहासाठी.

केशरी जांभळा होत गेला, कडांकडून आत.
आधी खांदे गेले.
मग मणक्याची एक उभी रेघ तेवढी राहिली,
मग तीही नाही.
दीड मिनिट असेल.
फोटो काढायचं सुचलं नाही,
आणि सुचलं असतं तरी
कोणत्या रकान्यात टाकणार होते?

रात्री अहवाल पाठवला.
बत्तीस पानं, एकोणचाळीस दोष,
शेवटी ठळक अक्षरात : दुरुस्ती होईपर्यंत ताबा घेऊ नये.
मैथिलीचा उलट निरोप आला, साडेअकराला,
हप्ता तर याच महिन्यापासून सुरू आहे,
आणि त्याखाली, थोड्या वेळानं :
बाकी घर चांगलं आहे ना?
मी पूर्वेच्या भिंतीचं पान उघडलं.
तिथं दोनच शब्द होते, दोष नाही.
त्यात काही वाढवता येईना.

गोटी बाथरूमच्या उंबऱ्यापाशीच राहिली.
आणायला जावंच लागेल,
दुरुस्तीनंतर एकदा
पुन्हा सोडून बघायचीय.