भाग चारशे तेरा

चारशे बाराव्या भागात त्यांनी शौनकला मारलं.
घाटात जीप, तुटलेला कठडा,
आणि लगेच वॉशिंग पावडरची जाहिरात.
मी वाटाणे सोलत होते. सोलत राहिले.
सालं पातेल्यात, दाणे कचऱ्यात.

नणंद म्हणाली, पैसे वाढवून मागितले असतील मेल्याने.
असतीलही.
पण पैसे मागितले त्या नटाने
आणि दरीत गेला शौनक.
एवढं साधं मला तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मालाडला, लॅबमध्ये,
कुणाची तरी खालची कवळी घासताना रडू आलं.
पारकरसर म्हणाले, ॲक्रिलिकची वाफ लागते कधीकधी,
मास्क लाव.
लावला.
मास्कच्या आत बरं पडतं.

तस्नीम नागपाड्याला राहते.
आम्ही भेटलेलो नाही, तिचा आवाज मी ऐकलेला नाही,
तिचे चुकलेले काने-मात्रे तेवढे ओळखते.
ती व्हिडिओ करते.
साडेतीन वर्षांच्या मालिकेतून
इरावतीचं लक्ष नसताना शौनक जिथं जिथं तिच्याकडे बघतो
ते सगळं कापून तिने एकाला एक जोडलं.
एक मिनिट नऊ सेकंद.
दिग्दर्शकालाही ठाऊक नसेल
आपण इतकं प्रेम दाखवून बसलोय.
मी ते पोस्टाच्या रांगेत पाहिलं, आवाज बंद करून,
आणि स्लिपवर रकमेच्या जागी तारीख लिहिली.

मग एकदा दिंडोशीच्या सिग्नलला
रिक्षाशेजारी टेम्पो येऊन थांबला.
त्यात आडवं टाकलेलं निळं दार.
तेच. कडीच्या वर पोपडा उडालेलं,
ज्यातून तो त्या सकाळी डबा विसरून गेला.
दाराला मागून रंगच नव्हता.
नुसतं प्लायवूड, त्यावर खडूने
'हॉल – डावी'.
सिग्नल सुटला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, त्याच्या मागे घ्या.
तो म्हणाला, मॅडम, मीटर चालू आहे.
मग राहू द्या म्हटलं.

त्या रात्री तस्नीमला दाराबद्दल लिहिलं.
उत्तर आलं नाही. चार दिवसांनी चित्र आलं.
बस डेपोतला बाक. इरावती सीताफळ फोडतेय.
शेजारी शौनक, चष्म्याला दोरी,
गुडघ्यावर झोळी, केस पांढरेशुभ्र.
खाली लिहिलेलं : 'वय वर्षं सत्तर.'
चौतिसाव्या वर्षी दरीत ढकललेल्या माणसाला
ह्या पोरीने वर ओढून
म्हातारं केलं होतं.

नणंदेने माझा फोन कधी हातात घेतला नव्हता.
घेतला.
दोन बोटांनी चित्र मोठं केलं.
त्याच्या कपाळावर थांबली.
बराच वेळ.
कपाटावरच्या फोटोकडे आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.
मग म्हणाली,
इतके केस राहिले नसते गं.
आमच्याकडे सगळ्यांचे मागे जातात.
पन्नाशीतच.

आता लॅबच्या जुन्या ऑर्डरबुकात,
मागच्या बाजूने,
मी लिहिते. रोज नाही. सुचेल तसं.
पात्रं दोनच, कधी तिसरी एक आत्या येते
आणि सगळ्यांना बोलून जाते.
नणंद चष्मा लावून वाचते, पेन्सिलीने खुणा करते :
'हा एवढं गोड बोलणार नाही.'
'चहात साखर दोन चमचे.'
मी दुरुस्त करते.

भाग चारशे तेरा.
दृश्य पहिलं. सकाळ.
त्याला टक्कल पडलंय.
कूपरमध्ये मोतीबिंदूची तारीख मिळालीय, पुढच्या गुरुवारची,
आणि केसपेपर सापडत नाही म्हणून
तो घरभर ओरडत फिरतोय.